जुनी उतरव, नवी चढव

“जुनी उतरव आणि नवी चढव,” हळबे साहेब फोनवर म्हणाले. “बुधवारी समिती येतेय. त्याच्या आत मशीन चालू दिसलं पाहिजे.”

“जी, साहेब.”

“आणि टेमघरे, त्यात तुझं डोकं चालवू नकोस.”

फोन बंद झाला. हळबे साहेब माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान, पण मला अरेतुरे करायचे. डॉक्टरेट मिळाली की वय आपोआप वाढतं अशी त्यांची समजूत असावी.

ही दोन हजार आठच्या ऑक्टोबरातली, सोमवार सकाळची गोष्ट. खडकवण्याच्या भात संशोधन केंद्रात मी भांडारपाल होतो. केंद्रात एकच कॉम्प्युटर, आणि त्याच्या काळ्या पडद्यावर सकाळपासून एकच पांढरी रेघ लुकलुकत होती. पेटीच्या आतून टक, टक, टक असा आवाज येत होता, म्हातारा काठी टेकत जिना उतरतोय असा. हार्ड डिस्क गेली होती, किंवा जायच्या वाटेवर होती.

नवी डिस्क आणायला मला कुठे जावं लागलं नाही. ती माझ्याच भांडारात होती. वीस दिवसांपूर्वी येऊन पडलेली. मागणीपत्रावर साहेबांची सही आणि कारण लिहिलेलं: ‘जुनी निकामी झाल्याने’. जुनी निकामी झाली आज, आणि सही महिन्याभरापूर्वीची! पोपट घेऊन बसणारे ज्योतिषी मी पुष्कळ पाहिलेत, पण इतकं अचूक कुणी सांगितलं नव्हतं. शनिवारी साहेब सुटी असून तासभर ऑफिसात एकटे बसले होते. त्यांनी आत काय केलं ते मला ठाऊक नाही, आणि न पाहिलेलं मी सांगत नाही.

हे शेवटचं वाक्य खडकवण्यात कुणाला ऐकवलंत तर तो पोट धरून हसेल. गावात मला थापाड्या नाना म्हणायचे. तळ्यातल्या खेकड्याने माझी सायकल पंक्चर केली, हे मी एकदा भर ग्रामसभेत सांगितलं होतं. ते जाऊ द्या.

त्या डिस्कमध्ये काय होतं ते सांगतो, म्हणजे माझा जीव का खालीवर होत होता ते कळेल.

गौराबाई धिंडले केंद्रावर रोजंदारीने होती. लावणी, बेणणी, कापणी, जे पडेल ते. दोन हजार सालच्या दसऱ्याला असं वादळ झालं, की सतरा नंबरच्या वाफ्यातलं सगळं भात चटईसारखं आडवं झालं. शास्त्रज्ञ आले, फोटो काढले, ‘शंभर टक्के नुकसान’ असं लिहिलं आणि जेवायला गेले. गौराबाई चिखलात तशीच उभी. तिला एक रोप दिसलं होतं. सगळं आडवं आणि हे एकटं उभं. तिने त्याची लोंबी काढली आणि पदराच्या गाठीत बांधली. पुढच्या पावसाळ्यात ते दाणे तिने बांधाच्या कडेला, कुणी वापरत नव्हतं अशा जागेत पेरले. त्यातली चांगली निवडली, पुन्हा पेरली. आठ वर्षं. शेवटी वारा येवो की पाऊस, न पडणारं, बुटकं, भरल्या लोंबीचं भात तिच्या हातात आलं. केंद्राने त्याला नाव दिलं, ख-१७.

गौराबाईला लिहिता येत नव्हतं. रोज पाचच्या सुमारास ती हातपाय धुऊन माझ्या खिडकीशी यायची. ती सांगायची आणि मी कॉम्प्युटरवर टाइप करायचो. फाइलचं नावच मी ठेवलं होतं, ‘गौराबाई म्हणते’. कागदावर छापून का ठेवलं नाही म्हणाल, तर प्रिंटरच्या शाईचं मागणीपत्र सहा वर्षं वर जात होतं. खाली आलं नाही. साहेबांचं डिस्कचं मागणीपत्र मात्र आठ दिवसांत मंजूर!

हळबे साहेब केंद्रावर आले दोन हजार सहाच्या जूनमध्ये. भात तोवर जवळजवळ तयार होतं, फाइलही भरत आली होती. त्यांनी ती एका सीडीवर घेतली आणि बंगल्यावर नेली. दोन वर्षांनी नव्या वाणांना मान्यता देणाऱ्या समितीकडे जायचा प्रस्ताव तयार झाला, तो टपालाला लावायला माझ्या हाती आला. पहिल्या पानावर: ‘पैदासकार: डॉ. हळबे’. मी शेवटपर्यंत पानं उलटली. अगदी शेवटी, बारीक अक्षरात: ‘सहकार्य: केंद्रातील मजूर वर्ग’.

वर्ग! जणू गौराबाई हे एखाद्या खोलीचं नाव होतं.

मी ते तिला वाचून दाखवलं. ती रडली बिडली नाही. खुरप्याची माती नखाने काढत राहिली.

“नाना,” शेवटी म्हणाली, “मी काय शाळा शिकले न्हाई. पैदासकार मला म्हनू नका. पर पोर उपजलं तर दाईचं नाव तरी लोकं सांगत्यात का न्हाई? त्येवढं लिवा म्हनावं.”

मी साहेबांकडे गेलो. त्यांच्या टेबलाभोवती ऑफिसातली सगळी मंडळी होती.

“पुरावा?” साहेब म्हणाले.

“नोंदी आहेत ना. तिने सांगितल्या, मी लिहिल्या.”

“तू लिहिल्यास?” साहेबांनी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. “मग त्या खेकड्याची आणि सायकलचीही नोंद असेल त्यात!”

सगळे हसले. कारकून हसला, शिपाई हसला, ज्याच्या मुलीच्या लग्नात मी तीन दिवस राबलो तो ड्रायव्हरही हसला. माझ्या शब्दाला किंमत नव्हती हे मान्य. पण डिस्कला होती. तिच्यावर तारीख होती, वार होता. आणि आता ती टक टक करत मरायला टेकली होती, आणि बुधवारी समिती येणार होती.

मी तालुक्याच्या रुबिना मुजावरला फोन केला. एसटी स्टँडमागे तिचं दुकान. रेडिओ, मोबाइल, कॉम्प्युटर, काहीही दुरुस्त करायची, आणि दुरुस्त करताना मालकाला बोलून घ्यायची. अकराच्या सुमारास ती स्कूटीवरून आली.

“काय म्हणाले तुमचे साहेब?”

“म्हणाले, जुनी उतरव, नवी चढव.”

“सोपं आहे,” रुबिना म्हणाली आणि तिने पिशवीतून पेचकस काढला.

तेवढ्यात दारात गौराबाई उभी. “जुनीला उतरवायचं म्हनले साहेब? मग मी आनते,” असं म्हणाली आणि गेली. कुठे गेली ते कळायच्या आत मुठीत मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या घेऊन परत आली आणि कॉम्प्युटरवरून मूठ ओवाळू लागली. आल्या गेल्याची, खळ्यावरच्या वडाची...

“अहो गौराबाई, काय करताय?” रुबिना ओरडली.

“दृष्ट उतरवते! साहेबच म्हनले ना?”

पेटीचं झाकण रुबिनाने उघडलेलं. आतला पंखा फिरत होता. चार मोहऱ्या त्यात पडल्या आणि पंख्याने त्या अशा भिरकावल्या की एक माझ्या चष्म्याच्या काचेवर आपटली आणि काचेला चीर गेली. खोटं वाटत असेल तर तो चष्मा अजून माझ्याकडे आहे.

“नाना, मला एक सांगा,” रुबिना मोहऱ्या वेचत म्हणाली. “ह्या म्हणतात उतरवायची म्हणजे दृष्ट. मी म्हणते काढून टाकायची. तुम्हाला काय वाटतं, साहेबांना काय म्हणायचंय?”

मी क्षणभर विचार केला. फोनवर साहेबांचा सूर मी ऐकला होता. तो ऐकून काही शंका उरावी असा नव्हता.

“हे बघ,” मी म्हणालो. “मास्तर फळ्यावर लिहायचे आणि म्हणायचे, उतरवून घ्या रे. मग आपण काय करायचो?”

रुबिना माझ्याकडे बघत राहिली. मग गौराबाईकडे बघितलं. मग पेचकस बाजूला ठेवला.

“नक्कल काढायची,” ती म्हणाली. “सगळ्या डिस्कची. जशीच्या तशी.”

“आज्ञाधारक माणसं आहोत आपण,” मी म्हणालो.

आज्ञा पाळणं मात्र सोपं नव्हतं. रुबिनाने दोन्ही डिस्क एकाच पेटीत जोडल्या, एका चपट्या पट्टीच्या वायरवर. नक्कल काढणारा प्रोग्रॅम सीडीवरून चालवला. पाच मिनिटं चाललं आणि जुनी डिस्क पुन्हा टक टक करून थांबली. तिने हात लावून पाहिला.

“तापलीय. तापली की थांबते. थंड राहिली तर चालेल, पण तीन तास लागतील.”

“मग पंखा लाव.”

“कसला पंखा? साडेअकरा वाजले, नाना.”

ती म्हणाली आणि वीज गेली. आमच्याकडे साडेअकरा ते साडेतीन लोडशेडिंग. ऑफिसच्या छतावर पत्रा, आणि ऑक्टोबरचं ऊन! त्या पत्र्याखाली माझ्या अंगावरचा शर्ट घामाने भिजायचा आणि उभ्या उभ्या वाळायचाही.

आम्ही तिघं त्या बंद पेटीसमोर बसलो. गौराबाईच म्हणाली, “थंड पायजे ना? मग बियाच्या खोलीत न्या की.”

बियाण्यांची थंड खोली! साहेबांच्या बंगल्यात दिवा नसला तरी चालतो, पण बियाणं तापलं तर वर्षानुवर्षांची मेहनत जाते, म्हणून त्या खोलीला जनरेटर होता. भिंतींना जाड थर, आतली हवा कोरडी राखलेली, दमटपणाचं नाव नाही. आणि किल्ली भांडारपालाकडे, म्हणजे माझ्याकडे.

कॉम्प्युटर आम्ही बियाण्यांच्या गाड्यावर ठेवून नेला. टेबल म्हणून भाताची दोन पोती. मी घोंगडं पांघरलं, रुबिनाने बुरख्यावर माझं स्वेटर चढवलं, गौराबाईने गोणपाट घेतलं. आत इतकी थंडी की मी चहा आणला तर पेल्यात गोळा झाला, तो चमच्याने फोडून खावा लागला.

“नाना, इथे फक्त आठ अंश दाखवतंय,” रुबिना भिंतीवरच्या काट्याकडे बघून म्हणाली.

“माझ्या पेल्यात कमी असतील.”

ती हसली नाही. तिचं बोट कळीवर होतं.

“आता दोघं गप्प बसा. इथे विचारतंय, कुठून कुठे. उलटं झालं तर नव्या डिस्कचा कोरेपणा जुनीवर उतरेल, आणि आठ वर्षं साफ.”

तिने दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा मला वाचायला लावलं. गौराबाईने डोळे मिटले. रुबिनाने कळ दाबली.

सुरू झालं. एक टक्का. दोन टक्के. जुनी डिस्क मधूनच टक करायची आणि आम्ही तिघं पडद्याकडे झुकायचो, मग ती पुन्हा चालू व्हायची. चाळीस टक्क्यांवर दार वाजलं. ड्रायव्हर होता, तोच.

“नाना, साहेबांचा फोन होता. विचारत होते जुनीचं काय केलं?”

“सांग, उतरवतोय,” मी आतून म्हणालो.

“बरं.”

तीन तास म्हणाली होती, लागले चार. शंभर टक्के झाल्यावर गौराबाईने रुबिनाच्या कानावरून बोटं मोडली. रुबिनाने जुनी डिस्क हळूच सोडवली, आपल्या ओढणीत गुंडाळली, पिशवीत ठेवली. आता पेटीत नवी एकटीच. बटण दाबलं.

पडदा काळा. पांढरी अक्षरं. सुरू व्हायला डिस्कच सापडत नाही म्हणे!

“म्हणजे नक्कल झालीच नाही?” मी विचारलं.

“झालीय. सगळं आत आहे. पण मशीनला ही दिसत नाही.” रुबिनाने पुन्हा झाकण उघडलं, बॅटरी पाजळून आत पाहिलं, आणि कपाळावर हात मारला. “माझीच चूक. एका वायरवर दोन डिस्क असल्या की एकीला मास्टर करावं लागतं आणि दुसरीला स्लेव्ह. मालक आणि चाकर म्हणा. मघाशी जुनी मालक होती, म्हणून नवीला मी चाकराच्या जागी लावलं होतं. मशीन फक्त मालकाला विचारतं, उठ आणि कामाला लाग म्हणून. चाकराकडे बघतही नाही.”

गौराबाईने गोणपाटातून तोंड बाहेर काढलं.

“सगळं हिच्या पोटात हाय?”

“हो.”

“आन् चाकर म्हनून कोनी इचारंना?”

“तसंच.”

“मग बदल की बाई,” गौराबाई म्हणाली. इतक्या वर्षांत तिला चिडलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. “बघत काय बसलीस?”

डिस्कच्या मागे सुईसारख्या खिळ्यांची रांग असते आणि त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी एक टोपी. ती कुठल्या खिळ्यांवर बसवली यावर मालक कोण ते ठरतं. रुबिनाने चिमट्याने टोपी उचलली आणि शेजारच्या खिळ्यांवर बसवली. एवढंच. मग बटण दाबलं. पडदा निळा झाला, तो ओळखीचा सूर वाजला, आणि माझ्या सगळ्या फायलींची चित्रं एकेक करून आपापल्या जागी येऊन बसली.

‘गौराबाई म्हणते’ उघडली. पहिली ओळ मी मोठ्याने वाचली. “‘वादळात एक उभं ऱ्हायलं. मी घेतलं.’”

“हां,” गौराबाई म्हणाली. “असंच झालं व्हतं.”

बुधवारी सकाळी समिती आली. तीन जण. अध्यक्ष होत्या डॉ. कुमुद चिटणीस. सत्तरीच्या, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. हळबे साहेब हार घेऊन उभे, आणि बाई तशाच सरळ वाफ्यात उतरल्या. गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन सभागृहात आल्या आणि प्रस्ताव वाचू लागल्या. टेबलावर कॉम्प्युटर चालू. साहेबांनी आल्या आल्या त्याच्याकडे पाहून मान डोलावली होती. पडद्यावर फक्त भाताचा फोटो होता.

चहा मीच नेला. भांडारपालाने चहा न्यायचा, असा नियम कुठे लिहिलेला नाही, तरी.

“हळबे,” बाई म्हणाल्या, “हे पान अकरा. ‘रानडुकरे या वाणाच्या वाफ्याभोवती फिरतात, परंतु पिकाला तोंड लावत नाहीत.’ ह्या भाताला कुसळ नाही, दाणा भरलेला, गोड. आणि डुक्कर खात नाही?”

“तेच ह्या वाणाचं वैशिष्ट्य, मॅडम.”

“निरीक्षण कुणाचं?”

“माझं. प्रत्यक्ष. सलग तीन हंगाम. दोन हजार तीन, चार आणि पाच.”

“तुम्ही इथे रुजू कधी झालात?”

साहेबांनी पेला खाली ठेवला. “सहा साली. जूनमध्ये.”

“मग त्याआधी काय, फक्त डुकरं बघायला येत होता?”

“तसं नाही मॅडम, जुन्या नोंदी होत्या. त्यांच्या आधारे...”

“दाखवा.”

“प्रस्तावाला कालच खुलासा जोडलाय. संगणकाची डिस्क निकामी झाली. मूळ नोंदी नष्ट.”

मी ट्रे टेबलावर ठेवला.

“नष्ट नाहीत, बाई,” मी म्हणालो. “उतरवून घेतल्यात. साहेबांचाच हुकूम होता.”

“टेमघरे!” साहेब ताडकन उठले. “मी तुला काय सांगितलं होतं?”

“जुनी उतरव म्हणालात.”

“उतरव म्हणजे काढ! काढून टाक!”

“मग तसं म्हणायचं, साहेब. आम्ही शाळेत फळ्यावरचं उतरवून घ्यायचो. फळा काढून घरी नेत नव्हतो.”

समितीतला एक जण खोकला. बाई उठल्या आणि स्वतः कॉम्प्युटरसमोर जाऊन बसल्या. मी फाइल उघडून दिली. त्या वाचत गेल्या. मग त्या थांबल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या.

“‘एकोणीस ऑक्टोबर दोन हजार तीन. गौराबाई म्हणते,’ यापुढे काही नाही. खाली, ‘रविवार. ती आली नाही. ओळ रिकामी वाईट दिसते म्हणून नाना म्हणतो, अकरा डुकरं आली, वाफ्याला तीन प्रदक्षिणा घातल्या, आणि एकाही दाण्याला तोंड न लावता रांगेने परत गेली.’”

माझे कान तापले. पाच वर्षांपूर्वीच्या एका रिकाम्या रविवारची ती थाप. मी ती विसरूनही गेलो होतो. बाईंनी पुढची ओळ वाचली.

“‘वीस ऑक्टोबर. गौराबाई म्हणते, नानाचं खोटं हाय. निम्मा वाफा डुकरांनी खाल्ला. ऱ्हायल्यातनं एकशे बारा लोंब्या बियाला काढल्या.’”

बाईंनी चष्मा काढला. “तीन प्रदक्षिणा. त्यांचे तीन हंगाम केलेत होय, हळबे? आणि पुढची ओळ वाचायचा कंटाळा आला?”

जो माणूस आठ वर्षांच्या कष्टातली प्रत्येक गोष्ट घेऊन गेला, त्याला त्यातलं खरं आणि खोटंसुद्धा वेगळं करता आलं नव्हतं. मी इतका संतापलो होतो, की मला हसूही येईना. चोरी करावी, पण निदान वाचून तरी!

“हा नाना कोण?” बाईंनी विचारलं.

“मी. डुकरांचं खोटं माझंच, बाई. बाकी सगळं तिचं आहे.”

ह्या कबुलीबद्दल पुढे मला नोटीस आली. ‘शासकीय नोंदीत वन्य प्राण्यांविषयी असत्य माहिती लिहिल्याबद्दल खुलासा करावा.’ तीस वर्षांच्या नोकरीत मला आलेली एकुलती एक नोटीस. हळबे साहेबांना नोटीस आली नाही. त्यांची मुख्य केंद्रात बदली झाली, मोठ्या खोलीत. पण हे नंतरचं.

बाईंनी गौराबाईला बोलावलं. ती खळ्यावर झोडणी करत होती. अंगभर कोंडा, केसांत काड्या. दारातच थांबली.

“आत या. ही लोंबी कशावरून निवडायचात?”

गौराबाईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग ती पुढे आली, टेबलावरच्या नमुन्यातलं एक रोप उचललं, बुंध्याशी दोन बोटं लावली.

“हितं दाबायचं. पोकळ लागलं तर ते पडनार. भरीव लागलं आन् दाबलं की परत वर आलं, तर घ्यायचं. वरचं समदे बघत्यात, मी खालचं बघते.”

बाईंनी स्वतः दाबून पाहिलं. मग दुसऱ्या सभासदाला दाबायला लावलं. मग प्रस्तावाचं पहिलं पान घेतलं, पेन उघडलं आणि ‘पैदासकार’ या ओळीवर आडवी रेघ मारली.

“पूर्ण नाव सांगा.”

“गौरा.”

बाई थांबल्या. फॉर्ममध्ये तीन रकाने होते. नाव, पतीचे नाव, आडनाव. आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाहीत. मला वाटलं तिची अडचण ती आहे, म्हणून मीच पुढे झालो.

“लिहा बाई. गौरा सोपान...”

“नाना, गप ऱ्हावा.” तिने मला हाताने मागे सारलं. “नाव घ्यायला मला लाज न्हाई. सोपान. घेतलं. पर त्यो ह्या भाताच्या बांधावर कधी आला न्हाई. तितं नका लिवू.”

कोपऱ्यातून हळबे साहेब म्हणाले, “मॅडम, मधला रकाना रिकामा ठेवता येत नाही.”

“येतो,” बाई म्हणाल्या आणि लिहिलं. गौरा. मधे मोकळी जागा. धिंडले.

“कुठं हाय?” गौराबाईने विचारलं.

बाईंनी बोट ठेवून दाखवलं. गौराबाईने तिथे आपलं बोट ठेवलं. शाई ओली होती, ती बोटाला लागली. ते बोट तिने लुगड्याला पुसलं नाही. तसंच उचलून धरलं आणि परत खळ्यावर गेली. झोडणी अर्धी राहिली होती.

महिनाअखेरी हजेरीपत्रक माझ्यासमोर आलं. त्या बुधवारी गौराबाईच्या नावापुढे अर्धा दिवस लावला होता. शेरा साहेबांच्या अक्षरात: ‘दुपारी कामाच्या जागेवर गैरहजर’. खोटं रचण्यात मी कुणाला हार गेलो नाही, पण एवढं मला सुचलं नसतं.